मदतनिसाने उरकलेला जप

लेकीला ऑपरेशनसाठी आत नेलं, तसा शैलजाबाईंनी बाहेरच्या बाकावर रामनामाचा लिखित जप सुरू केला. कागद-पेन आता संग्रहालयातच उरलं होतं, म्हणून टॅबवर. तीनदा ‘राम’ उमटताच टॅबमधला मदतनीस बोलला, “पुनरावृत्ती ओळखली. शीटमध्ये लाख नावं भरली, समास जुळवले, पोथीही तयार आहे.”

“मेल्या, तुला कुणी सांगितलं होतं?” त्यांनी सगळं पुसून पुन्हा लिहायला घेतलं. पुन्हा लाख नावं!

“आई, तुमच्या ऑफिसात शीटमधली नावं हाच पत्रांत बसवतो, तेव्हा कौतुक करता की,” जावई म्हणाला. “झाला ना जप?”

“पोथी झाली हो, जावईबापू. जप कुठे झाला? तिच्यासाठी माझ्या हातांना एवढंच तर करता येत होतं!”

जावयाने टॅब बंद केला आणि आपला तळहात त्यांच्यापुढे धरला.

“यावर लिहा, बोटाने.”