अंगावरचा शर्ट

शर्ट काही मिळाला नाही. हे आधीच सांगून टाकलं, पण ते ऐकलंच नाही असं समजा. कारण वैजयंती अजून जिल्हा तुरुंगाच्या फाटकाशी रांगेत उभी आहे. या पायावरून त्या पायावर होते आहे, आणि शर्ट घेतल्याशिवाय गावाकडची, इंझोरीची गाडी पकडायची नाही असं तिनं ठरवलं आहे.

तिच्या पिशवीत नवऱ्यासाठी धुतलेला, इस्त्रीचा शर्ट होता. तो आत द्यायचा आणि इंद्रभानच्या अंगावरचा, घामानं मळलेला, बाहेर आणायचा. बाकीच्या बाया आपल्या माणसाला काहीतरी द्यायला आल्या होत्या. घामट शर्ट मागायला आलेली ही एकटीच.

शर्टाची गरज म्हशीला होती. पोळ्याच्या दिवशी तोरणाखालून पहिली जोडी कोणाची जाणार यावरून मारामारी झाली, त्यात इंद्रभान आत गेला. बैल दोन्हीकडचे शांत होते. डोकं फुटलं ते माणसाचं. तेव्हापासून त्याची म्हैस चंदा कोणालाच कासेला हात लावू देईना. मग वैजयंतीनं अशा वेळी गावात करतात तेच केलं. नवऱ्याचा शर्ट घातला, डोक्याला त्याचा दुपट्टा बांधला आणि धारेला बसली. चंदानं शर्ट हुंगला, वैजयंतीकडे पाहिलं आणि बादली उडवली. चूक वैजयंतीचीच. कोर्टात नवरा नीटनेटका दिसावा म्हणून तिनं त्याचा एकूण एक कपडा सोड्यात धुऊन काढला होता. घरात इंद्रभान वासापुरताही उरला नव्हता.

"पोरगा अंदर गेला, अन् म्हशीनं दूध बी अंदरच ठेवलं," असं सासू कस्तुराबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. शेवटी तिनं दलालाशी बोलणं केलं. येत्या बाजाराला चंदा रिसोडला जाणार होती. इंद्रभान सुटून आला की त्याला रिकामा खुंटा कोणी दाखवायचा, हे काही ठरलं नव्हतं. ते काम आपल्याच वाट्याला येणार हे वैजयंतीला न सांगता कळत होतं.

नाव पुकारलं. जाळीपलीकडे इंद्रभान आला. वैजयंतीनं आधी शर्ट पाहिला, मग नवरा. काखेत घामाची पांढरी नक्षी उठली होती.

"कवापासून घातला हा?"

"आठ रोज झाले असन. काहून, वास येऊन राह्यला का?"

"येऊ द्या. काढून द्या तो."

चंदाचं ऐकताच इंद्रभाननं बटणं सोडायला घेतली. पहाऱ्यावरचा शिपाई फुलसिंग धावत आला. बाहेरून कपडे आत देता येतात, आतून काही बाहेर जात नाही, असा नियम त्यानं सांगितला. वैजयंतीनं त्याला म्हशीची सगळी हकीकत ऐकवली. त्यानंही ती शेवटपर्यंत ऐकून घेतली.

"वहिनी, इथून जे जाते ते कोर्टाच्या कागदावर जाते," तो म्हणाला. "शर्टाले जामीन भेटत नाई."

इंद्रभाननं पुन्हा बटणं लावली, ती एक खाली एक वर लागली. त्यानं आईचं विचारलं नाही, सोयाबीनचं नाही, वकिलाचंही नाही. तो जाळीला चिकटून उभा राहिला. आवाजानं जमते का पाह्य, म्हणाला. मी तिच्यासंगं कसा बोलतो ते ऐकून घे. आणि जाळीवर हळूहळू थाप मारत तो बोलू लागला.

"चंदे, माय वं, आली का? दमली का आज? थांब, थांब. मी हाये ना. कुटी जात नाई मी."

शेजारी वकिलाच्या नावानं भांडण चाललं होतं, ते थांबलं. फुलसिंग वेळ संपली असं सांगायला आला होता, तो तसाच उभा राहिला.

वैजयंती कान देऊन ऐकत होती. लग्न झाल्यापासून इंद्रभाननं तिला फार तर पाणी तापलं का, एवढंच विचारलं होतं.

"राह्यलं का ध्यानात?"

"एक डाव अजून म्हणा."

त्यानं म्हटलं.

"अजून."

"आता तं पाठ झालं असन."

"नाई झालं," वैजयंती म्हणाली. तिला अक्षर न् अक्षर पाठ झालं होतं.

मग वेळ खरोखरच संपली. इस्त्रीचा शर्ट जमा करून झाला तरी ती फाटकासमोरून हलेना. तेव्हा, काही म्हणणं असेल तर साहेबांच्या नावानं अर्ज करा, असं फुलसिंग म्हणाला. त्याला ती फक्त जायला हवी होती. पण वैजयंती बारावी झालेली. तिनं समोरच्या झेरॉक्सच्या दुकानातून कोरा कागद घेतला, पायरीवर बसली आणि गाडी चुकेपर्यंत लिहीत राहिली. अर्जाचा शेवट असा होता:

"तरी सदर म्हशीस आठवड्यातून एकदा कारागृहाच्या मागील भिंतीलगत उभे राहून इंद्रभान यांचा आवाज ऐकण्याची परवानगी मिळावी. म्हैस शांत स्वभावाची असून तिच्यावर कोणताही गुन्हा दाखल नाही. अर्जदार तिच्यासोबत येईल. अर्जदारास वेगळी भेट नको. ते म्हशीशी बोलत असताना अर्जदारास बाजूला उभे राहू द्यावे, ही नम्र विनंती."