गोदावरीबाईचं सूप

यादोराव गल्लीत शिरला तेव्हा सत्यभामाबाईच्या ओसरीवर बायका बिड्या बांधत बसल्या होत्या, आणि त्यांच्या मधोमध, मांडीवर सूप घेऊन, त्याची आई होती.

कालच त्याने ठेकेदाराकडे जाऊन तिचं नाव कमी करून घेतलं होतं. हेडक्लार्कच्या आईने बिड्या बांधू नयेत असा काही सरकारी नियम नाही, पण यादोरावला तो तोंडपाठ होता. खात रोडवरच्या नव्या घरी ऑफिसातली माणसं चहाला येऊ लागली होती आणि आईच्या हातांना तंबाखूचा वास येत होता.

"माय, तू काहून आली इथं? तुहं नाव कमी केलं ना काल?"

"नावच कमी केलं," गोदावरीबाई म्हणाली. तिची कैची तेंदूच्या पानावरून फिरतच होती. "ह्या बिड्या सत्यभामाच्या. मी हात लावून राहिली."

"म्हणजे फुकटात?"

"हो."

बायका खुदकन हसल्या. यादोरावचे कान तापले.

"घरी काय कमी हाय तुले? नळ हाय, पंखा हाय, रेडिओ हाय. आरामात बसाचं सोडून..."

"कोणासंग बसू?" आता तिने मान वर केली. "आठवडाभर तू ऑफिसात जाते, सून शाळेत शिकवाले जाते. बाजूची बाई दार लावून घेते, तिच्या बाजूची बी. पंखा मले इचारते का, काल पायाचे टोंगळे दुखत होते, आज कसे हायत म्हणून? करडी गावाहून आली तवा ह्या शहरात मले कोणी वळखत नव्हतं. ह्या बायांनी मले आपल्यात घेतलं. तू रागावजो, रुसजो. मी येणार."

यादोराव जास्तच चिडला. वाकून त्याने आईच्या मांडीवरचं सूप उचललं. "पाहतो आता कशी बांधते तू!" आणि पानं, तंबाखू, दोरा, सगळं घेऊन तो तरातरा निघाला.

सत्यभामाबाईने आपलं सूप जरासं सरकवलं, तसं ते अर्धं गोदावरीबाईच्या मांडीवर आलं. दोघींचे हात एकाच तंबाखूत चालू लागले. मंदाबाईने कुठल्याशा रुसलेल्या नवरदेवाची अर्धी राहिलेली गोष्ट पुढे सुरू केली.

गल्लीच्या तोंडाशी यादोराव थबकला. समोर रविवारचा भर बाजार. अंगात इस्त्रीचा टेरिलिनचा शर्ट आणि दोन्ही हातांत बिड्यांचं सूप. पानठेल्यावरून बाबुलालने हाक मारलीच, "काय साहेब, बिड्या बांधाले लागले का?"

तो मुकाट्याने माघारी वळला. ओसरीपाशी सूप धरून उभा राहिला. कुणीच हसलं नाही, आणि तेच त्याला जास्त लागलं.

"ठेव तिथं," गोदावरीबाई पानाची सुरळी करत म्हणाली. "आन दिवे लागले का मले न्याले येजो. त्याच्या आंधी येऊ नको. मंदाची गोष्ट लंबी हाय."