आरसा, पट्टी आणि लांब नाकाची पक्कड

फकिराने पेटीतून सगळ्यात आधी लांब नाकाची पक्कड काढली आणि शेजारचा नत्थू खो-खो हसला.

"काय बे, चेन बसवून राहिला का बायकोले नथ?"

सेक्टर दोनमधल्या क्वार्टरपुढे गुलाबराव उस्तादांची फटफटी स्टँडवर उभी होती. मिलिटरीच्या लिलावातली. ती सुरू झाली की पार बोरसी गावातल्या म्हशी दूध चोरतात, असं लोक शपथेवर सांगत. एक म्हैस तर म्हणे घाबरून राजनांदगावला पळाली आणि तिथेच व्याली. त्या दिवशी सकाळी तिची, म्हणजे फटफटीची, चेन तुटली. उस्ताद रेल्वेच्या कारखान्यातून पोलादाच्या प्लँटवर आलेले. निम्म्या भिलाईच्या फिटरांनी त्यांच्या हाताखाली पाना धरलेला. पण आज ते ओट्यावर बसून राहिले.

"फकिरा, तूच बदल," ते म्हणाले. "हत्यारं पेटीतून घे. कोनती घेतं, ते पाहू दे मले."

हे ऐकून फकिराच्या पोटात गोळा यायला हवा होता. आला नाही. चार महिन्यांपासून त्याला काही होतच नव्हतं. आधी डाव्या हाताची दोन बोटं सुन्न झाली, मग तिसरं, मग तळहात, आता उजव्याचा अंगठा. कोपरापाशी फिकट चट्टा होता. त्यात सुई खुपसली तरी ती जणू दुसऱ्याच्याच अंगात जाई. रोगाचं नाव त्याला माहीत होतं. गावाकडे देवाजी नावाच्या एकाला तोच झाला, तेव्हा गावाने त्याला शिवेबाहेर खोपटं बांधून दिलं. भाकरी दगडावर ठेवून लोक लांब जाऊन उभे राहत. फकिराने बायको नलूलाही सांगितलं नव्हतं. कळलं की काम जाणार, क्वार्टर जाणार, नळावर कुणी जवळ उभं करणार नाही. हे तो रोज मनात पाढ्यासारखं म्हणे. पाढा म्हणून होई, भीती मात्र वाटत नसे. ते सुन्नपण बोटांतून आत कुठवर शिरलं होतं कोण जाणे.

म्हणून तो बोटांवाचून काम भागेल अशी हत्यारं निवडत होता.

चेनची जोडकडी जिने अडकते ती चिमटी नखाएवढी. बाकीचे फिटर ती अंगठ्याने दाबून बसवत. फकिराने पक्कड घेतली. फाजील कड्या लोक छिन्नी-हातोडीने उडवत. त्याने पिन ढकलून काढायचा पेच घेतला. चेनचा ढिलेपणा बोटाने वरखाली करून बघायचा असतो, तिथे त्याने लाकडी पट्टी उचलली. चाकामागे चाचपून जे कळतं, त्यासाठी एक फुटका आरसा घेतला. पानाही घेतला तो मुठीला जाड कापड गुंडाळलेला.

सगळं त्या एकाच पेटीत निघालं. उस्ताद म्हणजे डोळे मिटून इंजिन उघडणारा माणूस. त्यांच्या पेटीत आरसा कशाला? दाढीचा असेल, असं फकिराने ठरवून टाकलं.

"पट्टी?" नत्थू ओरडला. "उस्ताद, हा शिंपी कुठून आनला? आता चेनले बाह्या लावते का?"

"तू चूप बस," उस्ताद म्हणाले. त्यांची नजर फकिराच्या हातांवर होती.

फकिराने जुन्या चेनच्या टोकाला नवी अडकवून ती दात्यांच्या चाकावरून ओढून घेतली. जास्तीच्या कड्या काढल्या. आरशात बघत चिमटी बसवली, बंद तोंड चेनच्या चालीकडे. दोन्हीकडचे नट सारखे फिरवले. पट्टीवर ढिलेपणा पाऊण इंच आला. मग चेन हळूहळू फिरवत कडीकडीवर तेल सोडलं.

उस्तादांनी किक मारली. दहा मिनिटं फटफटी ओरडली, सेक्टरभर पोरं रडली, मग त्यांनी ती बंद केली. फकिराने मागच्या चाकाचा नट पुन्हा एकदा आवळायला घेतला. उजव्या हातात पाना. डावा हात त्याने कशावर तरी टेकवला.

नत्थूने नाक वर केलं.

"मंगळवारी सकाळी सकाळी मटन कोनाच्या घरी शिजून राहिलं?"

उस्ताद ताडकन उठले.

"चेनचं तेल जळून राहिलं. तू आत जा, काकूले चहा ठेवाले सांग. अन् चहा होईपर्यंत तिथंच बस."

नत्थू आत गेला. उस्तादांनी फकिराचं मनगट धरलं आणि त्याचा तळहात तापलेल्या सायलेन्सरवरून उचलला. कातडी पांढरी पडून सुटली होती. फकिरा त्या हाताकडे बघत राहिला, रस्त्यावर कुणाची चप्पल पडलेली दिसावी तसा.

"उस्ताद," तो म्हणाला, "कोनाले सांगू नका."

आवाजात काही नव्हतं.

उस्तादांनी बादलीतलं थंड पाणी हातावर ओतलं. बराच वेळ ओतत राहिले. मग खिशातला धुतलेला रुमाल काढून सैलसा बांधला. घाई नाही, किळस नाही. गाठ मारून झाल्यावर त्यांनी आपले दोन्ही पंजे फकिरापुढे पसरले.

"मोज."

"काय?"

"बोटं मोज माह्यी."

फकिराने मोजली. सातव्या-आठव्या बोटाशी त्याला नीट दिसेना, तो पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागला. दहा भरली.

"नऊ वर्सं झाली मले हाच रोग होऊन," उस्ताद म्हणाले. "गोळी चुकवत नाई. चल, बस मागं. दवाखाना बाराले बंद होते."