रुमाल क्रमांक ११४

“बोट फिरवा,” तनुजा म्हणाली.

शुभंकरने कपाटावरून बोट फिरवलं. स्वच्छ निघालं.

“आता वरच्या खणात. वाटलं तर जिन्याच्या कठड्यावरही.”

“मॅडम, मी वार्ताहर आहे, आरोग्य निरीक्षक नाही.”

“हे महिन्यापूर्वी आठवलं असतं तर बरं झालं असतं.”

नारायण पेठेतलं जुन्या कागदपत्रांचं हे खासगी दफ्तर तिच्या बाबांनी, रंगरावांनी, एकतीस वर्षं सांभाळलं. कपाटाकपाटावर त्यांच्या हातच्या सूचना अजून चिकटलेल्या होत्या: ‘हात धुऊन, पुसून मगच कागद घेणे.’ ते गेले तेव्हा शुभंकरने मृत्युलेख लिहिला. मथळा होता: ‘धूळ खात पडलेल्या दफ्तराचा राखणदार’. तनुजाला त्याचा खुलासा छापून हवा होता. बाकी काही नको होतं.

“मी एकट्यानेच नाही लिहिलेलं,” शुभंकर म्हणाला. “इतकी वर्षं सगळेच लिहीत आलेत. फोटोसकट.”

“वार्ताहर आला की धूळ येते. एरवी मी कधी पाहिली नाही.”

तिने बाबांची फाइल उघडली. प्रत्येक कात्रण तारीख घालून लावलेलं. माणूस अपमानही इतका नीट जपतो, हे तिला गेल्याच महिन्यात कळलं होतं.

१९९८. २००७. २०१६. शुभंकरने मान वर केली. लोखंडी कपाटांवर देणगीदाराची पाटी होती, १९९९ सालची. नव्या छताखालची पाटी २००८ची. दोन्ही बातमीच्या पुढच्याच वर्षीच्या. तो पुन्हा फाइलकडे वळला.

“तिन्ही फोटोंत एकच रुमाल आहे बघा.”

लाल कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा, धुळीने माखलेला. बिल्ल्यावर क्रमांक ११४.

“हा दाखवा. स्वच्छ असेल तर उद्याच खुलासा छापतो.”

फरशी पुसणाऱ्या विमलाबाई थांबल्या. “ताई, तो राहू द्या. साहेब तो कुणाला सोडू देत नव्हते.”

“मौल्यवान असेल काहीतरी,” तनुजा म्हणाली.

“असेल,” विमलाबाई म्हणाल्या आणि बादली उचलून बाहेर गेल्या.

रुमाल परीटघडीचा निघाला. तनुजाने शुभंकरकडे एकदा शांतपणे पाहिलं आणि गाठ सोडली.

आत कोऱ्या कागदांची चळत होती. मधोमध पावडरचा जुना डबा. त्यावर बाबांच्या टपोऱ्या अक्षरांत सूचना:

‘चाळलेली माती. वार्ताहर येण्याआधी दोन चिमटी, फोटोपुरती. ते गेले की लगेच पुसणे.’