मुराळ्याची गाडी

"विमा घेणार, का बिनविम्याची नेणार?" भागूनं चावी बोटाभोवती फिरवत विचारलं. आळेफाट्यावर भाड्यानं गाड्या देणारा हा माणूस गिऱ्हाइकाला कधी घाई करत नसे.

सुदर्शननं गाडीभोवती फेरी मारली. घ्यावा तरी पंचाईत, न घ्यावा तरी पंचाईत. आळ्याहून बहीण घेऊन यायची, तेवढ्यासाठी पूर्ण विमा कोण घेतं? भागूला शंका आली म्हणजे? पण बंपर चेपल्यावर हाच बाबा दारात येऊन चौकशा करत बसणार, त्याचं काय? आणि बंपर तर चेपणारच होता.

कारण आज दाजींचा, ज्ञानेश्वरचा, निकाल लावायचा होता. लग्न झाल्यापासून साधना नवऱ्याचा मार खात होती. परवा त्यानं फुकणीनं तिचा हात मोडला आणि वडील म्हणाले, जावई आहे, सांभाळून घ्या. सांभाळून घ्या म्हणे! तेव्हापासून सुदर्शनचं डोकं ठिकाणावर नव्हतं. नागपंचमीला भावानं मुराळी होऊन बहिणीला माहेरी आणायचंच असतं. गाडी घ्यायला याहून चांगलं निमित्त कुठलं? येतो म्हणून त्यानं तिला फोनही केला होता.

भागू सांगत होता की पूर्ण विमा असला तर काय ठोकलं, कुठं ठोकलं, हे तो विचारतच नाही. रानडुक्कर आडवं आलं म्हटलं तरी भागतं.

"दे मग पूर्ण. बहिणीला आणायचंय, जोखीम नको."

"लई जीव दिसतोय राव बहिणीवर," भागू म्हणाला आणि चावी दिली.

दिवेलागणीला सुदर्शन कालव्याजवळच्या वळणावर उसाच्या आडोशाला थांबला. रोज याच वेळी ज्ञानेश्वर फाट्यावरच्या डेअरीत दूध घालायला जायचा. मोटारसायकल आली. तिचा दिवा डोळ्यांवर आला, दोन्ही बाजूंच्या किटल्या ओळखू आल्या, आणि सुदर्शननं होता नव्हता तेवढा राग पायात आणून गाडी सोडली.

मोटारसायकल उसात उडाली. ज्ञानेश्वर काचेवर आपटून खाली पडला. जबडा फाटला होता, तरी तो कोपरांवर सरपटत निघाला, उसाकडं हात करून काहीतरी सांगू पाहत होता. आता हात जोडतोय होय, असं म्हणत सुदर्शननं गाडी त्याच्या अंगावर घातली. हाडं मोडलेली त्याला सीटखाली कळली. मागं घेतली, पुन्हा घातली. डांबरावर दूध आणि रक्त एक झालं. त्याला बरं वाटलं, अगदी मोकळं वाटलं.

कालव्याच्या पाण्यानं बंपर धुऊन तो बहिणीच्या दारात गेला. तिची सासू प्रयागबाई ओट्यावर लसूण सोलत बसली होती. त्यानं साधनाला हाक मारली.

"आत्ता आलास व्हय?" म्हातारी म्हणाली. "दिवसभर वाट बघून शेवटी ज्ञानूच्याच मागं बसून गेली ती. फाट्यावरनं एसटी धरते म्हणाली. वाटंत दिसली न्हाई व्हय तुला?"