सरकणारे मुद्दे

साहेबांनी ताईंना केबिनमध्ये बोलावून हळूच सांगितलं होतं, "हे प्रेझेंटेशन तुम्हीच करा, पण कोणाला कळू देऊ नका. विभागप्रमुखाची खुर्ची तुमचीच समजा." ताई जीव ओतून सगळे उपमुद्दे थोडे आत, एका रेषेत आणायच्या आणि चहा घेऊन परत येईपर्यंत ते डावीकडे सरकलेले असायचे. पुन्हा आत ढकलावेत, तर पुन्हा बाहेर. फाइल ऑनलाइन आणि सगळ्या विभागाचं लॉगिन एकच, त्यामुळे यात कोणाचा हात आहे ते कळायला मार्ग नव्हता.

ताईंचा संशय शेजारच्या टेबलावरच्या मास्तरांवर होता. लोकांच्या चुका काढायची खोड, म्हणून तर ऑफिसात हे नाव पडलेलं. शिवाय हल्ली ताई जवळून गेल्या की ते घाईघाईने लॅपटॉप मिटायचे. शेवटी एका दुपारी ताईंनी मागून जाऊन त्यांना पकडलंच. समोर ताईंचीच स्लाइड उघडी होती.

"लाज नाही वाटत? माझ्या कामाची वाट लावताय!"

मास्तर उसळले. "तुमचं काम? साहेबांनी मला दिलंय ते! गुपचूप करा, खुर्ची तुमचीच, असं म्हणाले. मी मुद्दे नीट लावतो आणि कोणीतरी ते आत ढकलतं. म्हणजे तुम्हीच होय त्या!"

दोघांनीही स्क्रीनकडे पाहिलं.

 

कीबोर्डवर दोघांपैकी कोणाचाच हात नव्हता, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत सगळे मुद्दे उठून स्लाइडच्या मधोमध जाऊन बसले.