टीडमनचे हात

समजा मुलांनो, तुम्ही मैदानाकडेच्या लाकडी फळीवर बसला आहात. एप्रिल आहे, पण वारा अजून बोचतो आहे. शेजारी एक मोठा माणूस बसला आहे आणि तो सामना बघतच नाही. तो बघतो आहे फक्त एका म्हाताऱ्याचे हात.

त्या माणसाचं नाव कर्टिस हॉगन. पाहुण्या कॉलेजच्या बेसबॉल संघाचा तो कोच. मागच्या सामन्यात पंचाशी हुज्जत घातली, म्हणून आज त्याला मैदानात उतरायला मनाई होती. कोट आणि हॅट घालून तो प्रेक्षकांत बसला होता. खाली संघ सांभाळत होता त्याचा मदतनीस डेनी.

म्हातारा म्हणजे ऑर्विल टीडमन, यजमान कॉलेजचा कोच. आपल्या संघाची बॅटिंग आली की तो, धावणाऱ्याने एकेक करून गाठायच्या चार ठाण्यांपैकी तिसऱ्या ठाण्याजवळ, म्हणजे तिसऱ्या बेसजवळ उभा राहायचा आणि नाक, कान, पट्टा, टोपी यांना भराभर हात लावायचा. त्यातली एकच खूण खरी, बाकी सगळी धूळफेक, असं सगळे म्हणत. ती खूण मिळाली की बेसवर उभा असलेला त्याच्या संघातला पोरगा अचानक पुढचा बेस चोरायला, म्हणजे बॅटचा फटका बसायची वाट न बघताच तिथे पोचायला धावायचा. आणि कधी सापडायचा नाही.

कर्टिस कॉलेजात असताना टीडमनच्याच हाताखाली खेळला होता. पुढे त्याने शाळेतल्या पोरांना शिकवलं, दुसऱ्या कोचांचा मदतनीस म्हणून राबला, बसमध्ये मान वाकडी करून झोपत गावोगाव फिरला. शेवटी स्वतःचा संघ मिळाला. पण टीडमनला हरवणं काही जमलं नाही. यंदा त्याच्या कॉलेजच्या क्रीडाप्रमुखांनी दार लावून घेतलं आणि सांगितलं, "कर्टिस, या वेळी तरी त्या म्हाताऱ्याला हरव. नाहीतर आम्ही दुसरा माणूस बघतो."

"काका, जरा सरका ना. ऊन डोळ्यावर येतंय."

एक मुलगी त्याच्या गुडघ्यांवरून उडी मारून डाव्या बाजूकडून उजव्या बाजूला येऊन बसली. खाली यजमानांचा पोरगा पहिल्या बेसवरून सुटला आणि घसरत दुसऱ्यावर पोचला.

"बघ! पुन्हा!" कर्टिसने दातओठ खाल्ले. "कोणीतरी सांगतंय त्यांना."

"कोण सांगतंय?"

"तेच तर शोधतोय. तू एकटीच आलीस?"

"आजोबांबरोबर. ते खाली कामात आहेत."

खाली सॉसेजच्या गाडीवर एक म्हातारा पाव भाजत होता. त्याच्याकडे बघून कर्टिसने मान डोलावली. मुलीचं नाव मार्लिस होतं आणि तिच्या तोंडाला खळ नव्हता.

कर्टिसला आता सगळ्यांचाच संशय येऊ लागला होता. सकाळी डेनी यजमानांच्या पिचरशी, चेंडू टाकणाऱ्या पोराशी, हसून बोलत होता, ते कशाबद्दल? आणि वरच्या रांगेतला तो दुर्बीणवाला? एवढ्याशा मैदानाला दुर्बीण लागते?

"त्या दुर्बीणवाल्यावर लक्ष ठेव," तो कुजबुजला.

"मला तर त्या छत्रीवाल्या काकू बऱ्या दिसत नाहीत," मार्लिसही कुजबुजली. "पाऊस नाही, काही नाही, मग छत्री कशाला?"

पोरीचं म्हणणं खरं होतं. कर्टिस काकूंच्या छत्रीकडे टक लावून बसला. मार्लिसने कंटाळून वेणी सोडली आणि पुन्हा घालायला घेतली. तेवढ्यात खाली आरडाओरडा झाला. आणखी एक बेस चोरीला गेला होता. काकूंची छत्री मात्र मांडीवरून हलली नव्हती.

"छे! छत्री नाही," कर्टिस पुटपुटला. "म्हाताऱ्याच्या हातातच आहे ते."

"काका, ते कोच सारखं कोपर का खाजवतात हो? खरूज झालीय का त्यांना?"

कर्टिस हसणार होता, पण थबकला. कोपर! नाक, कान, पट्टा हे सगळेच कोच करतात. कोपर कोण खाजवतो?

त्याचं आणि डेनीचं सकाळीच ठरलं होतं. कर्टिसने हॅट काढली की पिचरने चेंडू मुद्दाम बॅटपासून लांब टाकायचा. तिथे चेंडू झेलणारा कॅचर तयारच उभा, म्हणजे चोरायला निघालेला पोरगा आयता हातात.

टीडमनने कोपर खाजवलं. कर्टिसने हॅट काढली. चेंडू लांब पडला आणि दोन पावलं पुढे आलेला पोरगा धडपडत मागे पळाला.

"घाबरला!" कर्टिसने मांडीवर थाप मारली.

पुन्हा कोपर, पुन्हा हॅट. पुन्हा पोरगा मागे. त्यानंतर एकही बेस चोरीला गेला नाही.

शेवटचा डाव आला तेव्हा बरोबरी होती. यजमानांचा एक पोरगा तिसऱ्या बेसवर उभा होता. तो होमवर, म्हणजे शेवटच्या बेसवर पोचला की सामना यजमानांनी जिंकला.

"काका," मार्लिस हळूच म्हणाली, "तुम्ही हॅट काढली की तुमचा पिचर चेंडू लांब टाकतो ना?"

"हळू बोल! भलतीच चलाख आहेस गं."

"आणि नाही काढली तर?"

"तर मग तो बिनघोर. हात वर घेणार, मागे झुकणार, अगदी सावकाश. पण मग चेंडू असा सुटतो की बॅट लागायची नाही." कर्टिसने बोट ओठांवर ठेवलं. "कुणाला बोलायचं नाही हं. काकाची नोकरी आहे त्याच्यावर."

"खरंच जाईल नोकरी?"

"हरलो तर जाईलच."

"मला वाईट वाटेल," ती मनापासून म्हणाली. "पण कुणाशी एक शब्द बोलणार नाही. शप्पथ."

टीडमनने नाकाला हात लावला. कानाला लावला. पट्ट्याला लावला. कर्टिस श्वास रोखून बघत होता. म्हाताऱ्याने दोन्ही हात खिशात घातले.

कोपर नाही!

कर्टिसने हॅट कपाळावर घट्ट ओढली. कितीतरी वर्षांनी त्याचे खांदे सैल पडले. खाली त्याच्या पिचरने निवांत दोन्ही हात वर उचलले.

मार्लिसने पायातला बूट काढला, खडा गेल्यासारखा उलटा करून झटकला, आणि तिसऱ्या बेसवरचा पोरगा होमकडे धावत सुटला.